पाणीपित्यांचे टाके

मी एक जुना कठडा आहे. पाण्याच्या टाक्याच्या तोंडावर बसवलेला, एकाच पांढऱ्या दगडातून कोरून काढलेला गोल कठडा. त्रिएस्ते शहराच्या वरच्या अंगाला, कार्स्टच्या पठारावर आमचे गाव आहे. इथे नदी नाही, ओढा नाही. पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून कुठे नाहीसा होतो, कोणालाच कळत नाही. म्हणून छपरावरचे पाणी पन्हळीतून अंगणातल्या टाक्यात उतरवायचे आणि वर्षभर जपून वापरायचे, ही इथली रीत. माझ्या टाक्यात आता पाणी नाही, खडी भरलेली आहे. तरी मित्रांनो, मला थोडे सांगायचे आहे, आणि ते एका नावाविषयी आहे.

मला लोव्रेन्स नावाच्या पाथरवटाने घडवले. त्याचे आडनाव वोदोपिवेत्स. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ पाणी पिणारा, पाणीपित्या. सहा आठवडे तो माझ्यावर राबला. त्याच महिन्यात त्याला पन्नासाव्या वर्षी मुलगा झाला, म्हणून माझ्यावर आपले नाव आणि ते साल, १८९५, कोरायचे त्याने ठरवले. लोव्रेन्सला लिहिता येत नव्हते. पाद्रीबाबांकडून त्याने आडनाव कागदावर उतरवून घेतले आणि चित्र काढावे तसे एकेक अक्षर माझ्यावर कोरले. जागेचा अंदाज चुकला. शेवटचे अक्षर बिचारे चेपून बसले.

शेजारचा म्हातारा कोस ते बघायला आला. कोस म्हणजे काळा, गाणारा पक्षी. त्याने माझ्यावर टेकून पोटभर हसून घेतले.

“अरे लोव्रेन्स, तळघरात तेरान वाइनची पिंपं, गावभर द्राक्षाचे मळे, आणि तुझं नाव पाणीपित्या! ते वर दगडात कोरून ठेवतोस? वाइनवाल्या गावाचं नाक कापलंस की रे!”

“माझा खापरपणजा पाणी पीत राहिला म्हणून हे घर उभं राहिलं,” लोव्रेन्स म्हणाला. “तुमच्या घराण्यात नुसतं गाणंच चाललंय.”

खापरपणजाने दारू सोडली होती, की दारू घ्यायला त्याच्याजवळ काही नव्हतेच, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण पुढे एका उन्हाळ्यात गावातली इतर टाकी तळाला गेली आणि आमचे पाणी टिकले. तेव्हा बाया रांगेत बादल्या घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पाणीपित्यांकडं नाही तर कुणाकडं असणार?” ते माझे सुखाचे दिवस होते. माझ्या काठावर दोरांच्या खाचा पडल्या. त्या मला दागिन्यासारख्या वाटत.

लोव्रेन्स गेला. मोठे युद्ध आले आणि गाव रिकामे झाले. तोफगोळ्याच्या कपचीने माझ्या काठाचा एक टवका उडाला. लोव्रेन्सचा मुलगा आवगुस्त सैन्यातून परतला तेव्हा सरहद्दी बदलल्या होत्या, परक्या भाषेचे नवे सरकार आले होते. तोही बापासारखा पाथरवट झाला, दगडाच्या खाणीत कामाला लागला. उशिरा का होईना, त्याने दानिलाशी लग्न केले. ती हसरी आणि तोंडाची तिखट होती.

१९३० साली नवा हुकूम आला. गावातली आडनावे सरकारी भाषेत करून घ्यायची. कागद घेऊन आला तो म्हाताऱ्या कोसचा नातू एमिल. तो नगरपालिकेत कारकून झाला होता. दानिला तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. ती माझ्यापाशी पाणी शेंदत होती.

“या, कोसभाऊ,” ती म्हणाली.

“कोस्सी म्हण. आता कोस्सी,” तो खाली बघत म्हणाला. मग त्याने आवगुस्तला कागद दिला. “तुम्ही आजपासून बेव्हिलाक्वा. सही कर.”

“हे काय आहे?”

“तुझंच नाव आहे. त्यांच्या भाषेत पाणी पिणाराच. अर्थ तोच राहिलाय बाबा, नशीबवान आहेस. माझ्याकडं बघ. कोस म्हणजे पक्षी तरी होता. कोस्सी म्हणजे काय? काहीसुद्धा नाही.”

“मग तू सही का केलीस?” दानिलाने विचारले.

“मला तीन पोरं आहेत, दानिला.”

आवगुस्तने सही केली नाही. पण सही न केल्याने काही अडले नाही. कागद आधीच पुरा झालेला होता. एमिलने जाता जाता माझ्याकडे बोट दाखवले. “आणि ते काढावं लागेल. रविवारच्या आत. तू नाही काढलंस तर ते माणसं पाठवतील, आणि ती माणसं घण घेऊन येतात. खाणीतलं काम जाईल ते वेगळंच.”

मित्रांनो, शनिवारी सकाळी आवगुस्त छिन्नी घेऊन माझ्यासमोर गुडघे टेकून बसला.

“नको रे,” दानिला म्हणाली. “फोडू देत त्यांना. तुझ्या हातानं नको.”

“बापाचं अक्षर आहे. परक्यानं घण घातलेला मला बघवणार नाही.”

त्याने घाई केली नाही. बापाने कोरले त्याच क्रमाने तो एकेक अक्षर तासत गेला. त्या चेपलेल्या अक्षरापाशी तो बराच वेळ थांबला. दुपारी जेवायची हाक आली तेव्हा माझ्या छातीवर फक्त साल उरले होते, आणि त्याच्या शेजारी एक गुळगुळीत, ओंजळीएवढा खोलगट भाग. आवगुस्तने दगडाची भुकटी टोपीत गोळा केली. तिचे काय करावे हे त्याला सुचेना. तो टोपी धरून तसाच उभा राहिला.

मुलगी झाली. त्यांना तिचे नाव यास्ना ठेवायचे होते. यास्ना म्हणजे नितळ, स्वच्छ. दप्तरात ते नाव चालत नव्हते. एमिलनेच सुचवले, “कियारा लिहितो. तेही नितळच.” घरात ती यास्ना झाली आणि कागदावर कियारा बेव्हिलाक्वा. आवगुस्तने ती दोन परकी नावे कधी तोंडातून काढली नाहीत. तो कागद त्याने फळीवर देवाच्या चित्रामागे ढकलला आणि परत पाहिला नाही. खाणीत त्याला नुसते आवगुस्त म्हणत, त्यामुळे त्याचे भागले.

यास्ना शाळेत जाऊ लागली. एक दिवस ती गाल लाल करून आली.

“बाईंनी मारलं,” ती माझ्या काठावर बसून आईला म्हणाली. “त्या कियारा कियारा म्हणत होत्या. मला वाटलं दुसरी कुणीतरी आहे.”

दानिलाने रुमाल ओला करून तिच्या गालाला लावला. “शाळेत ओ द्यायची, बाळा. नुसती ओ द्यायची. त्यानं काही होत नाही.”

सातव्या वर्षी यास्नाला घटसर्प झाला. दानिलाही तापाने पडली होती. आवगुस्त खाणीवर असताना डॉक्टर आला. पोरीचा श्वास बघून त्याने तिला आपल्या मोटारीत घातले आणि शहरातल्या इस्पितळात नेले. दुसऱ्या दिवशी उजाडताच आवगुस्त चालत खाली शहरात गेला. पुढचे मी पाहिले नाही. पुष्कळ दिवसांनी दानिलाने ते माझ्यापाशी उभ्या असलेल्या बायांना सांगितले, तेच सांगतो.

दारावरच्या माणसाने विचारले, “नाव?”

“यास्ना वोदोपिवेत्स.”

त्याने यादीवरून बोट फिरवले. “असं कोणी नाही.”

आवगुस्त म्हणाला, काल आणलीय, घसा बंद झालेली पोर. तो म्हणाला, तशा अकरा पोरी आहेत, कागदावरचं नाव सांगा. आणि आवगुस्तला ते आठवेना. सात वर्षांत त्याने ते एकदाही उच्चारले नव्हते. घरी दानिलाच्या तोंडीही नव्हते. तो घामाघूम झाला. त्याला आठवले ते एवढेच, की अर्थ तोच आहे. म्हणून खाणीत कानावर पडलेल्या मोडक्यातोडक्या सरकारी भाषेत तो त्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगू लागला, “पाणी पिणारा. मी पाणी पिणारा.”

तो माणूस वाईट नव्हता. त्याला दया आली. त्याने आत जाऊन आवगुस्तला प्यायला पेलाभर पाणी आणून दिले.

मग आवगुस्त एकेका दालनाच्या दाराशी जात राहिला. कोणी आत सोडत नव्हते, साथीचा रोग होता. दुपारी एका परिचारिकेने बाहेर येऊन विचारले, “बेव्हिलाक्वा तुम्हीच का?” तो सवयीने “नाही” म्हणाला. ती पुढे गेली. काही पावले गेल्यावर तो तिच्यामागे धावला. खाट रिकामी होती, चादर काढून नेलेली होती. तासाभरापूर्वी, ती म्हणाली. पोर हाका मारत होती, पण कोणत्या भाषेत ते कळलं नाही.

दानिलाचे सांगणे इथे संपले. त्या दिवशी कोणीच बादली भरली नाही.

थडग्यावर नाव कोरायचे तर कागदावरचेच कोरावे लागणार होते. आवगुस्तने पोरीसाठी दगड घडवला, चारही बाजूंनी साफ केला आणि कोरा उभा केला.

दुसरे युद्ध सरले. काही वर्षांनी जुनी नावे परत घ्यायची मुभा मिळाली. एमिल पुन्हा कोस झाला. म्हातारा एमिल अर्जाचा कागद घेऊन आमच्या अंगणात आला. “आवगुस्त, एवढी सही कर. मी बाकीचं करतो. माझ्या मनाला जरा बरं वाटेल.”

आवगुस्त माझ्यावर हात टेकून उभा होता. “नाव घेऊन काय करू? ओ द्यायला कोण आहे?”

एमिलने कागद घडी करून खिशात ठेवला. तो पुन्हा आला नाही. आवगुस्त त्याच हिवाळ्यात गेला.

पुढे गावात नळ आले. माझ्या काठावर कोणी येईनासे झाले. दानिला शहरातल्या वृद्धाश्रमात गेली, घर विकले गेले. नव्या मालकाने धोका नको म्हणून टाक्यात खडी ओतली. माझ्या खाचांत शेवाळ आले.

मग एका वर्षी गावातली जुनी टाकी जतन करायचे ठरले. एक तरुण मोजपट्टी आणि पितळी पाट्या घेऊन आला. कोणत्या घराचे टाके हे त्याने दप्तर पाहून काढले होते. त्याने मला घासून स्वच्छ केले आणि त्या गुळगुळीत खोलगट जागेवरच पाटी बसवली. त्या दिवशी वृद्धाश्रमाच्या गाडीतून दानिलाला मुद्दाम आणले होते. तिला दिसत नव्हते. तिने पाटीवरून बोटे फिरवली.

“काय लिहिलंय, बाळ?”

“बेव्हिलाक्वा कुटुंबाचे टाके, १८९५,” त्याने आनंदाने वाचले. “तुमच्याच घरातलं ना हे, आजी?”

दानिलाने हात मागे घेतला.

“नाही,” ती म्हणाली. “ही माणसं मला माहीत नाहीत.” आणि ती गाडीकडे वळली.

पाटीला चार खिळे आहेत. माझे अंग भेगाळेल तेव्हाच ती निघेल. मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादे मूल येईल, त्याचे नाव तुमच्या जिभेला अवघड जाईल. ते आपल्या सोयीने सोपे करून घेऊ नका. त्यालाच विचारा, दोनदा विचारा, चुकत चुकत म्हणा. माझ्या अंगणात आता कोणी कोणाला हाक मारत नाही.