धूळभत्ता

दगड घासायच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना पगाराशिवाय वेगळा धूळभत्ता मिळायचा. पण फुकट कोण देतो? दर सहा महिन्यांनी यंत्राच्या नळीत फुंकून दाखवायचं. काटा लाल रेघेच्या खाली राहिला, की माणसाची रवानगी खोकी बांधायला आणि भत्ता बंद.

एका घासणाऱ्याच्या बायकोने त्यावर शक्कल लढवली होती. तपासणीआधी पंधरा दिवस ती नवऱ्याकडून रोज फुगे फुगवून घ्यायची. खांदे सैल सोडा, पोटातून फुंका, घाई नको. शेजारणी हसायच्या. हसेनात का! त्याच भत्त्यावर तळमजल्याची ओल आलेली खोली सोडून ते तिसऱ्या मजल्यावर आले होते. लेकीला खिडकीपाशी अभ्यासाचं टेबल मिळालं होतं. बाई सुखात होती, उगाच खोटं कशाला बोला.

पूर्वी दोन दमांत फुगणारा फुगा यंदा सात दमांतही फुगेना. ओठ निळे पडले तरी नवरा फुंकतच राहिला. तिने उरलेले फुगे कचऱ्यात टाकले आणि त्याला बजावलं, या खेपेला मुद्दाम हळू फुंका, नापास व्हा, आपण परत खाली राहायला जाऊ. त्याने मान डोलावली. टेबल जाणार म्हणून लेक आतल्या खोलीत मुसमुसत होती, तेही त्याने ऐकलं.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी लेक उड्या मारत घरात आली. बाबा पास झाले, म्हणाली. मग आहेत कुठे? तर दुसऱ्या मजल्यावर बसलेत, येतील म्हणाले.

स्वयंपाकघरातलं स्टूल उचलून बायको तशीच खाली धावली. तो कठड्याला धरून पायरीवर बसला होता आणि श्वासासाठी नुसता तडफडत होता. तिला त्याचा भयंकर राग आला.

“हळू फुंका म्हटलं होतं ना मी?”

“ठरवलं होतं गं.” त्याने दोनदा दम घेतला. “नळी तोंडात धरली आणि तुझाच आवाज कानात आला. पोटातून फुंका, म्हणून.”

ती त्याच्या शेजारी बसली. वर लेक आवरलेली पुस्तकं पुन्हा टेबलावर मांडत होती, त्याचा आवाज येत होता. अजून सोळा पायऱ्या चढायच्या होत्या. तिने स्टूल जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवलं, म्हणजे त्याला मध्ये टेकता येईल.

पुढच्या तपासणीच्या दिवशीही ते स्टूल तिथेच होतं. टेकणारा तेवढा उरला नव्हता.