सात फूट दोन इंच

सकाळपासून आंब्याच्या पेट्या भरून कंबर मोडली होती, आणि चारच्या आत मला सेंटर निवडायचा होता. कॉलेजच्या जुन्या बास्केटबॉल टीममधले आम्ही आठ जण कॉम्प्युटरवर लीग चालवतो. टीम आमच्या, खेळाडू मात्र कॉम्प्युटरने बनवलेले. उंची, वजन, रिबाउंड, सगळे नुसते आकडे. तीन हंगाम मी तळाला, म्हणून यंदाही पहिली निवड माझी.

सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा, टीममधला सगळ्यात उंच गडी. यादीत सगळ्यात वर होता सात फूट दोन इंचांचा एक. चिपळूणहून विनोदचा, आमच्या आठांतल्याच एकाचा, फोन आला.

"दत्ता, तो सोडलास तर मी घेणार. मग रडत बसू नको."

"एवढं मोठं फळ आतून चांगलं निघत नाही," मी म्हटलं.

"तो आंबा नाही रे."

मला शिकवतोय. तीस वर्षं हापूस हाताळतोय मी. फळ फार मोठं झालं की आत साका धरतो, गर पांढरा नि आंबट. बाहेरून कळत नाही. तसली फळं मी पेटीत भरतच नाही, घरात ठेवतो.

मी सहा फूट दहाचा, बेताचा सेंटर घेतला आणि लॅपटॉप मिटला.

बायकोने, हेमाने, घरात ठेवलेल्यांतला सगळ्यात मोठा आंबा चिरून पुढ्यात ठेवला. बाठ्यापर्यंत केशरी.

"यात साका नाही," मी म्हटलं.

"गेल्या वर्षीही नव्हता. तुम्ही कधी खाल्लात त्यातला?"

फोन वाजू लागला. विनोदच असणार. हात रसाने बरबटले होते, म्हणून उचलला नाही.