माझ्या पोटातला धुरा

मित्रांनो, पांढुर्ण्याच्या संत्रा संस्थेत मोडक्या खुर्च्यांमागे गोणपाट पांघरून एक जुना कॉम्प्युटर बसलेला असतो. तो मीच.

१९८८ साली मला संस्थेतल्या पांढुर्णा आणि सौसर या बागायतदारांच्या दोन गटांनी मिळून आणलं. साहजिकच माझ्या पोटातल्या तबकडीची, म्हणजे हार्ड डिस्कचीही वाटणी झाली. शेतात घालतात तसा मधोमध धुरा, म्हणजे बांध घातला. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सौसर. मला चालवणारी प्रणाली पांढुर्ण्याच्या वाट्यात राहायची आणि तिथे पाय ठेवायला जागा उरली नव्हती. सौसरचा वाटा अर्धा पडीक होता.

पुढच्या फेब्रुवारीत नवी प्रणाली आली. रजनीताईंनी ती चढवायला घेतली. त्या तात्पुरत्या नोकरीवर होत्या आणि मला ओळखणाऱ्या एकट्याच. जुनी प्रणाली पुसली, नवी अर्धी चढली आणि जागा संपली. मी ठप्प झालो. उद्याच्या मालगाडीत कोणाची संत्री आधी चढणार, ती यादी माझ्या पोटातच होती. स्टेशनवर तोडलेल्या संत्र्यांचे ढीग लागले होते.

"काय झालं वं?" पांढुर्ण्याचे अध्यक्ष भैय्याजी मागे येऊन उभे राहिले.

"जागा नाही पुरून राहिली जी. धुरा सौसरकडे सरकवा लागन."

सौसरचे बापूजी ताडकन उठले. "एक वीत नाही देत! आज कॉम्प्युटरात घुसले, उद्या आमच्या मोहगावात घुसतीन."

"मोहगावात घुसासारखं हाय तरी काय?" भैय्याजी शांतपणे म्हणाले.

"बापूजी, तुमची यादीबी यातच अडकून हाय," रजनीताई म्हणाल्या.

बापूजी खाली बसले. "सरकव. पण एक नाव जरी गेलं, तर उद्यापासून येऊ नको."

मित्रांनो, त्या काळी माझा धुरा काढला की दोन्हीकडचं सगळं पुसलं जायचं. म्हणून रजनीताईंनी मला फ्लॉपीवरून जागं केलं आणि पोटातलं सगळं फ्लॉप्यांवर उतरवलं. तेही दोनदा, कारण एकाचा दुसऱ्यावर विश्वास नव्हता. एक गठ्ठा भैय्याजींच्या मांडीवर, दुसरा बापूजींच्या पिशवीत. मग ताईंनी धुरा पुसला. मी कोरा झालो. एवढी भीती मला विजेच्या झटक्यांचीही वाटली नव्हती.

नवा धुरा पडला. प्रणाली ऐसपैस बसली. फ्लॉप्या एकेक परत येऊ लागल्या. अकराव्या फ्लॉपीला मी खरखरलो. भैय्याजींची तंबाखू तिच्यावर सांडली होती. रजनीताईंनी ती पुसून तीनदा घातली. मला काही वाचता येईना.

"झालं का?" भैय्याजींनी विचारलं.

ताईंनी दुसऱ्या गठ्ठ्यातल्या अकराव्या फ्लॉपीसाठी बापूजींपुढे हात केला. बापूजींनी पिशवी छातीशी धरली. "हे सौसरची हाय."

"त्यात पांढुर्ण्याकडच्या तिगावची नावं हायेत, बापूजी. आन् तुमच्या मोहगावचीबी."

पिशवीतून फ्लॉपी निघायला बराच वेळ लागला. मी ती जपून, हळूहळू वाचली. प्रिंटर करकरला. दोघांनी यादी दोन टोकांनी धरून नावं तपासली. सगळी होती.

संध्याकाळी त्यांनी मला झेंडूचा हार घातला. पाकळ्या माझ्या पंख्यात अडकल्या. रजनीताई त्या चिमट्याने काढत होत्या, तेव्हा बापूजी दारातून म्हणाले, "उद्या जरा लवकर येजो, पोरी."

तर मित्रांनो, आम्हा यंत्रांना हार घालू नका. आणि एखादं बिघडलेलं यंत्र उघडून कोणी बसलं असेल, तर मागे उभं राहून "झालं का?" विचारू नका. जवळ पाण्याचा गिलास ठेवा आणि बाहेर जा.