गुडघ्यांवर बसलेले पाणबुडे

खाली

पाण्याखाली भांडता येत नाही. तोंडात नळी असते. हातांना मोजकेच शब्द येतात. ठीक. वर. खाली. थांब. हवा किती. माझ्याकडे बघ. यातला एकही शब्द वापरून 'तुझ्या बापाने तुझं वाटोळं केलंय' असं म्हणता येत नाही.

मी प्रयत्न केला.

वर, आदल्या दिवशी

चिंगी माझ्या ताईची मुलगी. भाऊजी तिचे वडील, आणि महिन्याभरापासून माझे मालकही. स्कूबा शिकवायचं दुकान त्यांचं. आधीचा शिक्षक अचानक सोडून गेला, ताईने गळ घातली, मी आले. ठरलं असं की तलावातला बेसिक कोर्स भाऊजींनी शिकवायचा आणि समुद्रातल्या खोल फेऱ्या मी करायच्या. म्हणजे त्यांनी रोपं लावायची आणि मी जंगलात नेऊन सोडायची.

चिंगीचा बेसिक कोर्स गुरुवारी संपला. शुक्रवारी सकाळी मी दुकानात ओले सूट उलटे करून वाळत घालत होते, तेव्हा भाऊजी काउंटरमागून म्हणाले,

"रविवारी चिंगी येतेय तुझ्या बोटीवर."

"बसायला?"

"बसायला कशाला? अ‍ॅडव्हान्स कोर्स. पहिली बुडी जहाजावर."

जहाज म्हणजे आमच्या किनाऱ्यापासून तासाभरावर बुडालेलं एक मालवाहू जहाज. दहा मजली इमारत पाण्यात उलटी सोडली तर तिची गच्ची जिथे टेकेल, तिथे ते आहे.

"भाऊजी, कालच पास झालीय ती."

"मग? लोखंड गरम आहे."

"ती लोखंड नाही. तुमची मुलगी आहे."

"झालं सुरू." त्यांनी हात झटकले. "अगं, मी पाहिलंय ना. कोर्स झाला की लोक सहा महिने पाण्याला शिवत नाहीत. मग सगळं विसरून येतात आणि घाबरतात. त्यापेक्षा लगेच पुढचा कोर्स, शिक्षक सोबत, नजरेखाली. काय वाईट आहे यात?"

यात वाईट काही नव्हतं. हे खरं आहे, काही लोकांच्या बाबतीत तर अगदी खरं आहे. म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोट्या माणसाच्या तोंडून खरं वाक्य आलं की त्याला कुठे पकडायचं ते कळत नाही.

"तिला पाण्यात स्थिर राहता येतं?"

"सगळं येतं. मी शिकवलंय."

"मग उद्या मी बघते. जुन्या धक्क्याखाली. उथळ पाण्यात."

मागच्या खोलीतून चिंगी बाहेर आली. ओले केस, हातात सँडविच.

"माझी परीक्षा घेणार तू, मावशी? कार्ड मिळालंय मला."

"कार्ड वाचनालयाचंही असतं."

"हो, आणि तिथे कोणी दारात उभं राहून धडा म्हणून दाखव असं म्हणत नाही!"

भाऊजी हसले. मलाही हसू आलं असतं, पण मी ते गिळलं. तेव्हा हसले असते तर गोष्ट तिथेच संपली असती आणि ती रविवारी जहाजावर गेली असती.

खाली (परत)

जुना धक्का. पाणी दोन पुरुष खोल. खांबांवर शिंपले, तळाला गाळ.

चिंगी उतरली ती धोंड्यासारखी. तळाला गेली आणि गुडघे टेकून बसली. पलंगाखालची चप्पल शोधायला बसावं तशी. हात मांडीवर, नजर माझ्यावर. ठीक, असा हात केला.

मी: वर. थोडं वर. तिथे थांब.

तिने अंगातल्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरली. काही झालं नाही. आणखी भरली. काही नाही. आणखी. मग ती एकदम उठली, माझ्या डोक्यावरून गेली, घाबरून सगळी हवा सोडली, आणि परत धपकन गुडघ्यांवर. गाळाचा ढग उठला. ढगातून हात आला. ठीक.

ठीक नव्हतं. मी हात आडवा हलवला. नाही. पुन्हा.

पुन्हा तेच. पुन्हा. पाय सायकल चालवल्यासारखे फिरत होते. तिसऱ्यांदा तिने खांबाला मिठी मारली आणि मास्कमधून माझ्याकडे असं बघितलं की तिचे शब्द मला ऐकू आले. मावशी, तू डोक्यात जातेयस.

मी जवळ गेले आणि तिच्या कमरेचा पट्टा चाचपला.

शिसं. पाणबुड्याला खाली जायला कमरेला शिसं लागतंच, पण आपल्या वजनाच्या हिशोबात. तिच्या कमरेला तिच्या दुप्पट माणसाचं शिसं होतं.

मी एक वजन उपसून तिच्या डोळ्यांसमोर धरलं. हे काय आहे? असं विचारायला हाताला शब्द नाही. मी ते हलवलं. तिने ते हिसकावलं. मी परत घेतलं. तिने मला ढकललं. पाण्यात ढकललं की दोघंही मागे जातात. दोन बायका एका शिशाच्या तुकड्यासाठी गाळात लोळत होत्या आणि आवाज फक्त बुडबुड्यांचा.

मी तिच्या बापाला शिव्या देत होते. नळीतून. सगळ्या शिव्या पांढऱ्या होऊन वर जात होत्या.

तिने अंगठा वर केला. वर जायचं. आणि गेली.

वर, धक्क्याच्या पायऱ्यांवर

"तुला माझा अपमानच करायचा होता."

"कोणी घातलं हे शिसं?"

"बाबांनी. सगळ्यांनाच एवढं लागतं."

"कोण म्हणालं?"

"बाबा."

मी वजनं एकेक काढून पायरीवर ठेवली. ती बघत राहिली. मग तिने स्वतःच्या सडसडीत कमरेकडे बघितलं. मग परत पायरीकडे.

"पण त्याने बरं वाटायचं," ती म्हणाली. "खाली पक्कं बसता यायचं."

"हो ना. बसायला शिकलीस तू. पाण्यात कोणी बसत नाही, चिंगे. मासा बसलेला बघितलायस?"

एका दमात

दुकानात शिरल्याबरोबर मी हे बोलले, मध्ये कोणालाही तोंड उघडू न देता: की भाऊजी, तुमच्या वर्गात मुलं जास्त झाली आणि ती तलावात इकडेतिकडे तरंगायला लागली की तुम्हाला सांभाळवत नाहीत म्हणून तुम्ही त्यांना शिसं भरून तळाला गुडघ्यांवर बसवता, ओळीत, म्हणजे तुम्हाला मोजता येतात आणि मास्क काढ मास्क घाल एवढं करून घेता येतं, आणि हे गुडघ्यांवर बसलेले लोक पास होऊन माझ्या बोटीवर येणार आणि मी त्यांना त्या जहाजावर न्यायचं जिथे गुडघे टेकायला तळच हाताशी नाही, जिथे पाण्याच्या दाबाने रबरी सूट चेपतो आणि माणूस आणखी जड होतो, मग तो घाबरून जॅकेट फुगवतो आणि धापा टाकतो आणि हवा बघता बघता संपवतो, आणि वर यायला लागला की जॅकेटमधली तीच हवा फुगते आणि त्याला बाटलीच्या बुचासारखं वर फेकते, आणि अशा घाईने वर आलेल्या माणसाची फुप्फुसं फाटू शकतात ते तुम्हाला माहीत आहे, माहीत आहे ना, आणि तुम्ही यात चिंगीला पाठवताय, चिंगीला!

भाऊजींनी काउंटरवरचं पेन जागेवर ठेवलं.

"अगं, सगळीकडे असंच शिकवतात."

"बाबा," चिंगी म्हणाली, "मलाही तसंच शिकवलंत?"

"तुला वेगळं कसं शिकवणार? बाकीच्यांना काय वाटलं असतं?"

"मला वाटलं मला येतंय."

"येईल की! पुढच्या कोर्सात येईल. त्यासाठीच तर असतो पुढचा कोर्स."

"नाही," मी म्हणाले. "आधीच्यात जे राहिलं ते भरायला नसतो तो. आधीचं आलं की मग असतो."

"तू नको नेऊस. मी नेतो तिला. विषय संपला."

चिंगी आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. चिंगी लहानपणापासून दार आपटणारी मुलगी आहे.

सूचना, रविवारच्या बोटीवर देण्यासाठी (जशी दिली नाही)

मंडळी, नमस्कार. तुम्ही सगळे याच आठवड्यात पास झालात, अभिनंदन. तुमच्यापैकी कोणाकोणाला मास्क साफ करताना उंची न बदलता थांबता येतं? खाली असताना आपल्या जोडीदाराचे पाय कुठे आहेत हे कोणाला ठाऊक असतं? उथळ पाण्याचा कंटाळा कोणाला आलाय? भीती गेलीय असं नाही विचारत, कंटाळा आलाय का? कोणालाच नाही? मग आज जहाज कशाला बघताय? फोटोला?

वर, रविवारी

मी बोटीवर होते. भाऊजींच्या एकट्याच्या भरवशावर ती माणसं सोडून घरी झोपून राहणं मला जमलं नसतं. सगळे नवशिके, पट्टे बांधून तयार. भाऊजी चाकाशी, बोट अजून धक्क्यालाच, इंजिन घुरघुरत होतं. चिंगी कठड्याशी, पूर्ण सज्ज.

"पट्टा नीट लावलास का गं?" भाऊजींनी विचारलं.

"शिसं काढलं."

"किती?"

"सगळं."

"वेडी आहेस का? खाली जाणार नाहीस!"

"बरोबर. नाही जाणार."

आणि तिने उडी मारली. धक्का आणि बोट यांच्या मधल्या पाण्यात. खरोखर खाली गेली नाही. बुचासारखी वर आली, पाठ वर, पाय वर, तिला धड उभंही राहता येईना. हात मारत ती बोटीच्या मागच्या बाजूला गेली, पंख्याच्या जवळ, आणि तिथेच तरंगत राहिली.

भाऊजींनी झटकन इंजिन बंद केलं. चेहरा पांढराफटक.

"बाजूला हो! चिंगे!"

"नाही होणार!"

"लोक थांबलेत!"

"थांबू दे ना! सांगा त्यांना, तुमची मुलगी कार्डवाली आहे आणि तिला पाण्यात नीट राहता येत नाही. सांगा! नाहीतर मी सांगते!"

तिने सांगितलंच आणि मग गप्प बसायचं नावच घेईना. गुडघ्यांचं, शिशाचं, तलावातल्या ओळीचं. अर्धं पाणी नाकातोंडात जात होतं, तरी बोलत होती. बोटीवर कोणी हसलं नाही. एका चष्मेवाल्या माणसाने आपल्या पट्ट्याला हात लावून पाहिला आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, माझंही जास्त आहे का?"

मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. मला आला राग. सगळं शिसं काढलं होतं मूर्ख मुलीने! जे तिचं होतं तेही. आपलं किती आणि बापाने घातलेलं किती, हेच तिला कळलेलं नव्हतं.

मी काही वजनं घेऊन मागच्या शिडीवर उतरले, पाण्यात कमरेपर्यंत.

"इकडे ये."

"जहाजावर नेणारेस?"

"नाही!"

"मग कशाला येऊ?"

"इकडे ये म्हणतेय ना, बये!"

आली. मी तिच्या पट्ट्यात एक वजन घातलं. "नळी तोंडात घाल. जॅकेट रिकामं कर. श्वास सोड. हलू नकोस." ती तरंगली. आणखी एक घातलं. "सोड श्वास." पाणी तिच्या हनुवटीला आलं. "पाय नको मारूस, सांगितलं ना!" आणखी एक लहान वजन. पाणी तिच्या डोळ्यांपाशी येऊन थांबलं. ना वर, ना खाली. काही न करता ती तिथे होती.

मास्कमागचे डोळे मोठे झाले.

ही कुठल्याही कोर्सची पहिली पाच मिनिटं. अ‍ॅडव्हान्सची नव्हेत, बेसिकची. पहिल्या दिवसाची.

"उठा," मी भाऊजींना म्हणाले, "आणि त्या सगळ्यांचे पट्टे काढा."

"माझं दुकान बंद पाडणार तुम्ही दोघी."

"आज बोट जात नाही, भाऊजी."

ते चाक धरून बसले होते. चष्मेवाला शिडीपाशी आला, त्याच्या मागे आणखी दोघं, पट्टे हातात घेऊन. भाऊजींनी त्यांच्याकडे बघितलं, पाण्यातल्या मुलीकडे बघितलं. मग इंजिनची किल्ली काढून खिशात टाकली आणि कोणाकडेही न बघता धक्क्यावर चढून गेले.

चिंगीने तोंडातली नळी काढली.

"मग जहाजावर कधी?"

"मला माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही? तू शिक्षक आहेस!"

"उथळ पाण्यात रोज ये. महिना लागेल, तीन लागतील. मी सांगेन."

"चिडून बोलू नकोस माझ्याशी. दोन दिवस नुसती चिडतेयस."

"मी चिडलेलीच आहे. उद्याही असेन."

"असू दे," ती म्हणाली आणि नळी परत तोंडात घातली. मग पुन्हा काढली. "चिडून शिकव. पण शिकव."