कार्डामागची पेन्सिल

"मावशी, सरका. टेम्पो खाली उभा आहे," ग्रंथपाल सर म्हणाले.

मी सरकले नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं पुस्तकं लावतेय. सर तीन महिन्यांपूर्वी आले. पुस्तकांची नावं संगणकात गेली, आता कार्डांचं कपाट रद्दीत, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"सगळं संगणकात आहे, मावशी."

"कार्डाची पुढची बाजू आहे. मागची कुणी पाहिलीच नाही."

मागची बाजू माझी. पुस्तक परत करणाऱ्याला 'काय सापडलं?' हे विचारल्याशिवाय मी सोडत नाही. पुस्तकाच्या नावावरून कळणार नाही असं काही निघालं, की त्या विषयाच्या कार्डामागे पेन्सिलीने लिहायचं, पानासकट. आधीचे सर हसायचे, पण पेन्सिली तेच आणून द्यायचे.

तेवढ्यात दवाखान्यातली नर्स आली. नोकरी सांभाळून प्रबंध लिहिते, जुन्या काळच्या सुईणींवर. संगणकात तिला काही म्हणजे काही मिळेना.

"मार्गदर्शक म्हणतात, साधनं नसतील तर विषय बदला. दोन वर्षं पाण्यात गेली हो."

मी खण ओढला. 'प्रसूती'च्या कार्डामागे माझंच अक्षर: पाणीपुरवठा अहवाल, पान एकशे बारा. पटकीच्या साथीत उकळलेलं पाणी घरोघर पोचवायला सुईणी नेमल्या होत्या. पाण्याच्या अहवालात सुईणी शोधायला कोण जाणार?

मी अहवाल काढून दिला. नर्सने पान उघडलं आणि मटकन बसली. "छत्तीस नावं आहेत, मावशी."

"योगायोग," सर म्हणाले. "वरून आदेश आहे. कपाट आज जाणार."

"मग वर सांगा, मावशी हटत नाही. नोकरीवरून काढायचं तर काढा. निवृत्तीला चारच महिने राहिलेत."

खुर्ची ओढून मी कपाटाला पाठ लावून बसले. हमालांनी एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे पाहिलं आणि जिन्यात जाऊन टेकले.

दुपारी नर्स अहवाल परत करायला आली.

"काय सापडलं?" मी विचारलं.

"साथ संपल्यावर त्यांना कामावरून काढलं. काढू नका म्हणून त्यांनी अर्ज केला, तो शेवटी जोडलाय. खाली छत्तीस अंगठे."

मी 'प्रसूती'चं कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं, पेन्सिल दिली.

सर पुन्हा आले, मागे हमाल.

"थांबा," मी म्हटलं, "ती लिहितेय."

नर्सने कार्ड उलटं केलं आणि माझ्या ओळीखाली सावकाश अर्जाचा पान क्रमांक लिहिला.