रिकाम्या घरातला नावाडी

मित्रांनो, माझ्या काचेवर बुरशीचा ठिपका पडला आहे आणि माझी बॅटरी आता कुठल्याही दुकानात मिळत नाही. मी एक जुना हँडीकॅम आहे. जन्म जपानच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेले दुबईच्या बर दुबई भागातल्या एका फ्लॅटमध्ये.

१९९६ साली वासुदेव पाटणकरांनी मला घरी आणले. सुरुवातीला माझा थाट होता. वाढदिवस असो की मंडळाचा गणपती, मी हवाच. वासुदेवराव अरबी ढंगात "यल्ला, चला, हसा, हसा" म्हणत मला इतके हलवायचे की नंतर चित्र पाहणाऱ्याला गरगरायचे. मग नवलाई ओसरली आणि माझी रवानगी कपाटात, चादरींच्या मागे झाली.

२००२ च्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीने, अंतराने, मला बाहेर काढले. सुट्टीतल्या कलावर्गासाठी तिला मातीच्या बाहुल्यांची फिल्म करायची होती. ती पाहूनच त्या वर्गाचे बदरुद्दीन सर तिच्या कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी शिफारस करणार होते.

जेवणाच्या टेबलावर तिने मीना बाजारातले निळे कापड पसरून खाडी केली. त्यावर पुठ्ठ्याची अब्रा, म्हणजे इथली प्रवासी होडी. अब्रेत रंगीत तेलमातीचा म्हातारा नावाडी. त्याला जरासे सरकवायचे, माझे बटण दाबून लगेच सोडायचे, पुन्हा सरकवायचे. आयुष्यात प्रथमच मी स्थिर उभा होतो. घरच्यांनी जमिनीवर बसून जेवायला सुरुवात केली.

फिल्म शनिवारी द्यायची होती. शुक्रवारी सकाळी अब्रा खाडीच्या मध्यावर पोचली. मग सगळे देवळात आणि तिथून एका ओळखीच्यांकडे जेवायला गेले. निघताना वासुदेवरावांनी एसी बंद केला. खिडकीतून ऊन टेबलावर आले. माझ्यासमोर नावाड्याची मान हळूहळू छातीवर टेकली, खांदे ओघळले आणि तो होडीत आडवा झाला.

परतल्यावर अंतराने आधी नावाडी पाहिला, मग भिंतीवरचे एसीचे बटण.

"बाबा, यू स्विच्ड इट ऑफ?"

"सवयीने हात गेला गं. रिकाम्या घरात एसी कशाला?"

"अहो, रिकामे कुठे होते?" अंतराची आई, वीणाताई म्हणाल्या. "तो होता की."

वासुदेवराव टेबलाशी वाकून नावाड्याकडे बघत राहिले. "पुन्हा नाही बनवता येणार?"

"नॉट द सेम फेस. नॉट बाय टुमॉरो."

मग तिची नजर त्यांच्या हातावर गेली. "बाबा, गिव्ह मी युअर हँड."

तिने निजलेला नावाडी तसाच टिपला. मग वासुदेवरावांचा हात चौकटीत आला आणि अब्रा काठाकडे ढकलू लागला. ती म्हणे तेवढेच बोट ते हलवत. त्यांच्या खांद्याला रग लागली.

"आता तरी यल्ला म्हणा," वीणाताईंनी चिडवले.

"बोलू नकोस. हात हलतो."

होडी काठाला लागली. दोन बोटे पायांसारखी उतरली, टेबलावरून चालत भिंतीवर चढली आणि एसीच्या बटणापाशी थांबली.

"प्रेस इट, बाबा."

त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि बटण दाबले. तिने माझ्या काचेवर टोपी बसवली. पडदा काळा. खलास.

शनिवारी वर्गातल्या टीव्हीला मला जोडले. शेवटाला मुले हसली. सरांनी विचारले, "ये हाथ किसका है?"

"माय डॅड्स," अंतरा म्हणाली. "ही हँडल्स द एसी."

सरही हसले. त्याच आठवड्यात त्यांनी शिफारसपत्र दिले.

अंतरा शिकायला गेली आणि मी पुन्हा चादरींच्या मागे आलो. ती कॅसेट अजून माझ्या पोटात आहे, पण ती फिरवण्याची ताकद माझ्यात उरलेली नाही. तक्रार नाही. पाटणकरांच्या घरी आजही बाहेर पडताना एसी बंद होतो, फक्त त्याआधी वासुदेवराव दारातून एकदा खोलीभर नजर फिरवतात. मित्रांनो, तुम्हीही बटण दाबण्यापूर्वी तेवढे करा. आणि कधी कपाट आवरलेत, तर चादरींच्या मागेही बघा.