आमच्याकडचं 'हो'

तूवाची गाडी अंगणात वळली, तशी बाबांनी टेबलावरची डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली उचलून फडताळात टाकली.

"तिला सांगू नकोस हां," ते म्हणाले. "उद्या रेडिओवर वाजेल."

यात थट्टा नव्हती. तूवा माझी धाकटी बहीण. स्वतःच गाणी लिहून गाते, आणि पोटात काही ठेवत नाही. आई घर सोडून गेली त्यानंतर बाबा कितीतरी वर्षं तिचे लोकरी हातमोजे हिवाळ्यात चुलीजवळ वाळत घालायचे. कोरडेच मोजे. तूवाने त्याचं गाणं केलं. ते ऐकून स्टॉकहोमची पोरं हुंदके द्यायची. इकडे दुकानात लोक बाबांना गाठून विचारायचे, "काय सिक्स्तेन, वाळले का मोजे?" तेव्हापासून मोजे दिसेनासे झाले. तूवा घरी आली की बाबा फक्त बर्फाबद्दल बोलतात. मीही जपूनच असते, खोटं कशाला बोलू.

तूवा बूट दारात काढून टेबलाशी बसली. मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे घातले.

"बाबा, अजून थोडी?"

बाबांनी ओठांचा चंबू करून श्वास झटकन आत ओढला. आमच्या उत्तरेत 'हो' असंच म्हणतात. दक्षिणेकडच्यांना वाटतं, माणसाला ठसका लागला.

"नवं गाणं ऐकलंत?" तूवाने विचारलं.

"ऐकलं. 'बाबा, मी तुम्हाला कधी आवडले का?' एवढं विचारतेस आणि गाणं संपतं. म्हणजे म्हातारा दगड. त्याच्यापाशी उत्तरच नाही."

"उत्तर होतं, बाबा. शेवटी मी तुमच्यासारखा श्वास ओढला होता. तिथल्या रेकॉर्डिंगवाल्याला ती खरखर वाटली. कापून टाकली त्याने. गाणं बाहेर आल्यावर कळलं मला."

"बरं सुचतं गं तुला," बाबा म्हणाले. "आता याचंही गाणं कर."

तिचे डोळे भरले. लोक तिचं रडणं ऐकायला तिकीट काढतात, म्हणून घरात त्याला काडीची किंमत उरलेली नाही. मलाही वाटलं, हे पाठ केलेलं तर नसेल?

"उद्या गावच्या हॉलमध्ये गाणारे मी," ती म्हणाली. "या. आणि तरी पटलं नाही तर सांगा तसं. मग मी या घरी येऊन तुम्हाला त्रास देणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाबा हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीवर बसले, मी त्यांच्या शेजारी. कोट काढला नाही, गळ्यापर्यंतची बटणंही तशीच.

"मोजेवाले सगळे आलेत," ते पुटपुटले.

तूवाने शेवटी तेच गाणं घेतलं. तिचा आवाज फाटत होता, तिने तो सावरला नाही. प्रश्न आला. श्वास ओढायला तिने ओठ पुढे केले, आणि मिटून घेतले. गिटारच्या तारांवर हात ठेवून ती नुसती उभी राहिली. नाटक, मी मनात म्हटलं. लोक चुळबुळायला लागले. ती दाराकडे बघत होती.

माझ्या शेजारी कोणीतरी श्वास झटकन आत ओढला.

त्याचा अर्थ त्या हॉलमध्ये कुणाला विचारावा लागला नाही. टाळ्याही कोणी वाजवल्या नाहीत.

"ठसका लागला," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि कोटाची बटणं काढू लागले.